एक मिलिमीटर अलीकडे, एक मिलिमीटर पलीकडे

गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय वाचायला बसलेली रेडिऑलॉजिस्ट आधी गाठ शोधते, आणि लगेच तिची नजर गाठीच्या बाहेर जाते. तिथे पांढऱ्या चरबीत एक बारीक काळी रेषा असते. पडद्यावर ती केसाएवढी दिसते, मध्येच पुसटही होते. गाठीची सगळ्यांत बाहेरची कड आणि ही रेषा यांच्यात किती जागा उरली आहे, हे ती मोजते. एक मिलिमीटरपेक्षा जास्त उरली असेल तर एक वाट, तेवढीही उरली नसेल तर दुसरी. थेट ऑपरेशन करायचं की आधी किरणोपचार आणि केमो देऊन गाठ आक्रसू द्यायची, हे बऱ्याच अंशी त्या एवढ्याशा जागेवर ठरतं.

पोट न उघडता, जिवंत माणसाच्या ओटीपोटात खोलवर असलेलं मिलिमीटरभर अंतर मोजता येतं, हे मला अजूनही थक्क करतं. आणि तेच अंतर महत्त्वाचं आहे हे कळायला वैद्यकाला जी वाट चालावी लागली, ती तर त्याहून विलक्षण आहे.

कर्करोगाची स्टेज ही फार काळ ऑपरेशन झाल्यावरच कळणारी गोष्ट होती. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे ए, बी, सी असे तीन गट पाडले. गाठ भिंतीच्या आतच आहे, भिंत ओलांडून बाहेर आली आहे, की लसीका ग्रंथींपर्यंत पोचली आहे, एवढाच त्यांचा निकष. तो इतका नेमका होता की पुढची कित्येक दशकं सर्जन ड्यूक्सच्याच भाषेत बोलत राहिले. पण त्यांच्या टेबलावर यायचा तो कापून काढलेला तुकडा. रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधता येई. ऑपरेशनआधी काही द्यायला हवं होतं का, हे त्यावरून कळून उपयोग नव्हता, कारण तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असे.

शिवाय गुदाशयाची एक मोठी अडचण होती. गाठ पूर्ण काढली असं सर्जनला वाटायचं, जखम भरायची, रुग्ण घरी जायचा, आणि वर्ष-दोन वर्षांत ओटीपोटात त्याच जागी गाठ परत यायची. हाडांच्या अरुंद पेटीत, मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब देत वाढणारी ती दुसरी गाठ रुग्णाचे फार हाल करायची. हे कर्करोगाच्या स्वभावामुळे होतं, असंच बहुतेकांना वाटत होतं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या छोट्या शहरातले सर्जन बिल हील्ड यांना तसं वाटलं नाही. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टन असतं. गाठीतून निघालेल्या पेशी आधी ज्या ग्रंथींत आणि रक्तवाहिन्यांत शिरतात, त्या याच चरबीत असतात. आणि या सगळ्या चरबीला बाहेरून एक पातळ पडदा लपेटलेला असतो. संत्र्याच्या दोन फोडी वेगळ्या करताना बोट नेमकं पापुद्र्यांच्या मधून गेलं तर रसाचा थेंबही सांडत नाही. पापुद्रा फाटला तर हात चिकट होतात. हील्ड यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. हाताने चाचपडत, ओढत गाठ काढली तर पडदा फाटतो आणि कर्करोगाच्या पेशी असलेली चरबी आत राहून जाते. डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने, पडद्याच्या बाहेरून गेलं तर पुडकं अख्खं बाहेर येतं. १९८२ मध्ये त्यांनी हे मांडलं. ही पद्धत जिथे नीट वापरली गेली तिथे गाठ परत येण्याचं प्रमाण इतकं घटलं की नवं औषध सापडावं तसा हा बदल होता, आणि तो झाला होता फक्त शरीररचना नीट पाहिल्याने.

चार वर्षांनी लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी त्याला दुसऱ्या बाजूने पुरावा दिला. काढलेला गुदाशय लांबीच्या दिशेने उघडून पाहण्याची रीत होती. क्वर्क यांनी त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि बाजूची कड तपासली. ५२ रुग्णांपैकी १४ जणांत कर्करोग त्या कडेपर्यंत पोचलेला होता, आणि त्या चौदातल्या बारा जणांना गाठ तिथेच परत आली. वरची आणि खालची टोकं सगळे जपत होते. धोका बाजूने येत होता. कर्करोग कडेपासून एक मिलिमीटरच्या आत आला की धोका, ही मोजपट्टी पुढे इथूनच रुळली.

दरम्यान किरणोपचाराची बाजूही उलगडत होती. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले: ऑपरेशनआधी पाच दिवस किरण दिले तर त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर उतरतं. मग नेदरलँड्सच्या सर्जनांनी हील्ड यांची पद्धत सगळ्यांना शिकवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि २००१ मध्ये उत्तर आलं. आता किरणांशिवायही दोन वर्षांत फक्त ८.२ टक्के रुग्णांना गाठ तिथे परत आली. किरण दिल्यावर हा आकडा २.४ टक्के झाला.

हे दोन आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. किरणांचा फायदा खरा होता, पण चांगलं ऑपरेशन झालं तर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना त्या किरणांची, निदान गाठ तिथे परत येऊ नये म्हणून तरी, गरजच पडली नसती. आणि किरण फुकट मिळत नाहीत. दिवसातून अनेकदा शौचाला धावावं लागणं, लैंगिक आयुष्यावर होणारे परिणाम, तरुण स्त्रीच्या बीजकोशांचं काम कायमचं थांबणं, ही त्याची किंमत आहे. तेव्हा आठ कोण आणि ब्याण्णव कोण, हे ऑपरेशनआधी ओळखायचं कसं? ड्यूक्स यांच्या टेबलावरचं उत्तर आता काही आठवडे आधी, शरीराच्या आतून हवं होतं.

इथे एमआरआय आलं.

आपल्या शरीराचा बराचसा भाग पाणी आणि चरबी. दोन्हींत हायड्रोजन भरपूर, आणि प्रत्येक हायड्रोजनच्या केंद्रात एक प्रोटॉन, जो एका अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. दीड टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साधारण तीस हजार पट ताकदीच्या क्षेत्रात माणूस झोपला की हे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध झुकतात. दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ सारखीच असते. दिशेने झुकलेल्यांचं पारडं जड असतं ते दहा लाखांमागे पाचेक प्रोटॉनांनी. पण एका थेंबात प्रोटॉनांची संख्याच इतकी अफाट आहे की त्या पाचांवरसुद्धा चित्र उभं राहतं. दीड टेस्लात ते सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा गिरकी घेतात. ही कंपनसंख्या एफएम रेडिओ जिथे वाजतो त्या पट्ट्याच्या जराशी खाली येते; म्हणून तर एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते, बाहेरचं प्रसारण आत शिरू नये म्हणून. त्याच कंपनसंख्येची लहर सोडली की प्रोटॉन एका तालात येतात, लहर थांबवली की ताल सुटू लागतो, आणि सुटता सुटता ते स्वतः एक अतिमंद रेडिओसंदेश पाठवतात. तो कुठल्या कोपऱ्यातून आला हे चुंबकक्षेत्रात मुद्दाम चढउतार ठेवून ओळखता येतं, ही पॉल लॉटरबर यांची १९७३ मधली कल्पना. त्यांनी पहिल्यांदा चितारल्या त्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या होत्या. पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना त्यासाठी २००३ मध्ये नोबेल मिळालं.

आता गंमत अशी की प्रत्येक ऊतीत हा ताल वेगळ्या वेगाने सुटतो. स्नायूत सेकंदाच्या विसाव्या भागातच संदेश बराच विरून जातो, म्हणून आतड्याच्या भिंतीचा स्नायू काळा दिसतो. गाठीतला संदेश थोडा जास्त टिकतो, ती मधल्या राखाडी रंगाची. या प्रकारच्या चित्रात भोवतालची चरबी पांढरी उजळते. आणि हील्ड यांच्या सुरीने जिथून जायचं तो पडदा? तंतुमय असल्यामुळे तो काळा, आणि पांढऱ्या चरबीच्या कडेला असल्यामुळे डोळ्यांत भरणारा. काळी भिंत, राखाडी गाठ, पांढरी चरबी, काळा पडदा. निसर्गाने गुदाशयाभोवती हे थर जणू वाचण्यासाठीच रचावेत, अशी ही जुळणी आहे. यासाठी शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत.

पण ही जुळणी आपोआप दिसत नाही. गुदाशय सरळ नळी नाही. माकडहाडाच्या वळणाबरोबर तो वाकतो. तंत्रज्ञाला आधी बाजूने चित्र घेऊन गाठीचा अक्ष शोधावा लागतो आणि मग त्या अक्षाला बरोब्बर काटकोनात, तीनेक मिलिमीटर जाडीच्या चकत्या घ्याव्या लागतात. काटकोन चुकला की भिंतीचा काळा पट्टा तिरका कापला जातो, कडा एकमेकांत मिसळतात, आणि भिंतीतच असलेली गाठ बाहेर आल्यासारखी भासते. आतडं हलू नये म्हणून कित्येक ठिकाणी इंजेक्शन दिलं जातं. यंत्र किती टेस्लाचं, किती कोटींचं, यापेक्षा हा कोन जास्त मोलाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णाच्या हाती नुसता ‘पेल्व्हिसचा एमआरआय’ असतो, तेव्हा तो याच कामासाठी घेतला होता का हे विचारणं मुळीच आगाऊपणाचं नाही.

मास्ट्रिख्टच्या रेजिना बेट्स-टान यांनी २००१ मध्ये दाखवलं की एमआरआयवर पडद्यापर्यंतचं अंतर विश्वासाने मोजता येतं. ब्रिटनमध्ये जीना ब्राऊन यांनी तीच दिशा धरली, आणि ‘मर्क्युरी’ नावाचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या ४ देशांत, ११ केंद्रांत, ४०८ रुग्णांचं एमआरआय आधी वाचलं गेलं आणि नंतर काढलेल्या नमुन्याशी ताडून पाहिलं गेलं. ज्या ३५४ जणांची कड शेवटी खरोखर स्वच्छ निघाली, त्यांतल्या ३२७ जणांबद्दल एमआरआयने तसं आधीच सांगितलं होतं. गाठ भिंतीबाहेर किती मिलिमीटर गेली आहे, याबाबत तर एमआरआय आणि सूक्ष्मदर्शक यांची मापं सरासरीने अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली. एकीकडे जिवंत, श्वास घेणारा माणूस, दुसरीकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून कापलेली चकती, आणि फरक अर्ध्या मिलिमीटरचा.

या मोजमापाला एवढा अर्थ का, ते जर्मनीतल्या एका चाचणीवरून कळतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रुग्ण निवडले होते मुख्यतः गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीवर. गाठ भिंतीबाहेर गेली आहे किंवा ग्रंथींत पोचली आहे असं वाटलेलेच त्यात घेतले. ज्यांचं थेट ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांची गाठ प्रत्यक्षात पहिल्या स्टेजची निघाली. दुसऱ्या गटातही असे लोक असणारच, आणि त्यांना किरण देऊन झाले होते.

म्हणून सोनोग्राफी वाईट, असा निष्कर्ष काढू नये. भिंतीचे पातळ थर एकेक करून दाखवण्यात तिचा हातखंडा आहे. गाठ अगदी सुरुवातीची असेल, फक्त वरच्या थरातून खरवडून काढता येईल का असा प्रश्न असेल, तर ती कामाची. गाठीने वाट अरुंद केली असेल तर मात्र तिची नळी पुढे जात नाही, आणि लांबचा पडदा तिच्या टप्प्यात नसतो. ‘सगळ्यांत चांगला स्कॅन कोणता’ हा प्रश्नच म्हणूनच मला अपुरा वाटतो. काय विचारायचं आहे ते आधी ठरवावं लागतं.

गाठ गुदाशयाच्या वर, मोठ्या आतड्यात असेल तर सगळं चित्र बदलतं. तिथलं आतडं हलतं, श्वासाबरोबर सरकतं, आणि त्याला चहूबाजूंनी लपेटणारा तसा पडदाही नसतो. तिथे काम सीटीचं. गॉडफ्री हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्रात १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, तेव्हा चित्र तयार व्हायला फार वेळ लागे. आज एका श्वासाच्या अवधीत छाती, पोट, ओटीपोट पाहून होतं. कित्येक वर्षं असं मानलं जाई की मोठ्या आतड्याची गाठ भिंतीबाहेर किती गेली हे मोजून उपयोग काय, ऑपरेशन तर करायचंच आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘फॉक्सट्रॉट’ चाचणीने ते बदलायला सुरुवात केली. सीटीवर गाठ पुढे गेलेली दिसणाऱ्या १०५३ रुग्णांच्या या चाचणीत ऑपरेशनआधी सहा आठवडे केमो दिल्यावर दोन वर्षांतलं रोग उरण्याचं वा परतण्याचं प्रमाण २१.५ वरून १६.९ टक्क्यांवर आलं. त्याबरोबर सीटीवरचं ते मोजमापही अचानक महत्त्वाचं झालं.

सीटीचं खरं कौतुक मला वाटतं ते यकृताच्या चित्रात. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते ‘पोर्टल’ नावाच्या एका मोठ्या शिरेने आधी यकृतात येतं. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी सुटल्या की त्यांचं पहिलं ठाणं बहुधा तेच. निरोगी यकृताला तीन चतुर्थांश रक्त याच शिरेतून मिळतं, तर तिथे रुजलेल्या कर्करोगाच्या गाठी आपलं रक्त मुख्यतः रोहिणीतून घेतात. या फरकाचा फायदा घड्याळ लावून घेतला जातो. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर सुमारे ७० सेकंदांनी ते त्या मोठ्या शिरेतून यकृतात भरतं. त्या क्षणी चित्र घेतलं तर यकृत उजळून निघतं आणि गाठी काळ्या खळग्यांसारख्या उठून दिसतात. रिपोर्टमधल्या ‘पोर्टल फेज’ या दोन शब्दांमागे रक्ताभिसरणाचं एवढं ज्ञान उभं आहे.

आणि याला एक अपवाद आहे. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त काही अंशी वेगळ्या शिरांनी, यकृताला वळसा घालून, थेट शरीराच्या मुख्य शिरेत आणि तिथून फुप्फुसांत जातं. म्हणूनच यकृत स्वच्छ असताना छातीत डाग सापडण्याची शक्यता खालच्या गाठींत जास्त. ‘आजार पोटाचा, मग छातीचा स्कॅन कशाला?’ असं नातेवाईक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर शिरांच्या नकाशात आहे.

सीटीवर यकृतात काही शंकास्पद दिसलं, किंवा यकृतातल्या गाठी कापून काढायचा बेत असला, तर पुन्हा एमआरआयकडे वळतात, पण वेगळ्या रंगद्रव्यासह. हे द्रव्य यकृताच्या निरोगी पेशी आत ओढून घेतात. वीसेक मिनिटांनी यकृत आतून उजळतं. कर्करोगाच्या गाठीत यकृतपेशी नसल्याने ती अंधारीच राहते. काही मिलिमीटरच्या गाठी अशा सापडतात, ज्या सीटीने सोडून दिलेल्या असतात.

पेट स्कॅनबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘सगळं एकदमच दिसतं’ म्हणून लोक तो मागतात. त्यात किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर देतात. तिचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्मा होतो. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात आणि चमकतात. कल्पना सुंदर आहे. पण त्या चित्रात बारीक कडा नसतात, पडद्याचं अंतर त्यावर मोजता येत नाही, आणि सूजही चमकते. कॅनडात यकृताचं ऑपरेशन शक्य वाटणाऱ्या रुग्णांवर हा स्कॅन करून पाहिला गेला. शंभरातल्या साधारण आठ जणांचा बेत बदलला, पण आयुर्मानात फरक पडला नाही. चिकट स्राव भरलेल्या गाठींत साखर कमी शिरते, त्यामुळे त्या चमकत नाहीत. आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत तरुणांचं आणि पेशींतच तसा स्राव भरलेल्या ‘सिग्नेट रिंग’ प्रकारच्या गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळलं आहे. या गाठी पोटाच्या अस्तरावर दाण्यादाण्यांनी पसरतात, आणि असे बारीक दाणे सीटीलाही सहज दिसत नाहीत. अशा वेळी सर्जन दुर्बिणीने पोटात डोकावून पाहतो. सगळं एकदम दाखवणारं यंत्र अजून नाही.

लसीका ग्रंथींपुढे तर सगळीच यंत्रं चाचपडतात. मोठी ग्रंथी म्हणजे कर्करोग, असं वाटणं साहजिक. पण मोठी ग्रंथी नुसती सुजलेली असू शकते आणि चार मिलिमीटरच्या ग्रंथीत कर्करोग बसलेला असू शकतो. आता आकारापेक्षा तिची कड खडबडीत आहे का, आत छटा मिसळलेल्या आहेत का, याकडे जास्त पाहतात. त्याहून मोलाची खूण ठरली आहे ती गाठीबाहेरच्या शिरांमध्ये शिरलेल्या राखाडी बोटांसारख्या फांद्यांची. शीर काळी आणि बारीक असायची ती फुगून राखाडी झाली, तर रोग पुढे दूरवर जाण्याचा धोका वाढलेला असतो.

किरणोपचार आणि केमो झाल्यावर एमआरआय पुन्हा करतात, आणि वाचणं अवघड होतं. गाठ गेलेल्या जागी व्रणाची दाट ऊती तयार होते. तीही काळी, अगदी पडद्यासारखी आणि स्नायूसारखी. त्या काळ्यात एखादा राखाडी ठिपका उरला आहे का, हे पाहायला पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारं वेगळं चित्र घेतात. दाटीवाटीच्या कर्करोगपेशींत पाणी अडखळतं. गाठ पूर्ण विरघळलेल्यांना ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवता येईल का, हे साओ पावलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये पुढे आणलं तेव्हा अनेकांना ते धाडस वाटलं. आज ती वाट जगभर अनेक केंद्रांत निवडक रुग्णांना दिली जाते. गाठ परत उगवलीच तर ती बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच उगवते, असं दिसून आलं आहे. म्हणून त्या काळात रुग्णाला दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात, आणि एमआरआयबरोबर दुर्बीण आणि डॉक्टरचं बोट, तिन्ही तपासण्या करतात.